आधी भेटू तरी द्या!

कुलभूषण जाधव हे नाव निघालं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ते खरंच हेर होते का?" मागच्या सेमिस्टरला ग्रुप डिस्कशनच्या प्रॅक्टिससाठी आमच्या ग्रुपला हाच विषय आला. दहा मिनिटांतली नऊ मिनिटं या एका प्रश्नात गेली. एक पार्टी म्हणे, असतील हेर, त्यात काय एवढं, सगळेच देश ठेवतात. दुसरी म्हणे, छे, साधा व्यापार करणारा माणूस, उगाच अडकवला. आणि मागच्या बाकावरच्या दोघांना (ते कुठले, हे सांगायची गरज नाही) थेट युद्धच पुकारायचं होतं. "काय बे, एवढी मोठी आर्मी कशाला ठेवलीय मग?" हा त्यांचा मुद्दा. दहाव्या मिनिटाला सरांनी घंटा वाजवली आणि सगळे चहाला पळाले.

मित्रमैत्रिणींनो, मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. तो प्रश्न महत्त्वाचा असेल, पण त्याचा नंबर दुसरा आहे. परक्या देशात एखाद्याला अटक झाली की पहिला प्रश्न हा, की त्याच्या देशाचा माणूस त्याला भेटला का? कधी भेटला? मोकळेपणी बोलू दिलं का? हा प्रश्न दिसायला अगदी साधा, कारकुनी थाटाचा आहे. पण जाधवांच्या बाबतीत दोन देश जगाच्या कोर्टात गेले ते याच प्रश्नावर!

आधी हकिगत थोडक्यात सांगते, कारण २०१७ साली आपल्यापैकी बरेच जण शाळेत होते आणि त्या वयात बातम्या म्हणजे बाबांचा चॅनेल. जाधव हे नौदलातले माजी अधिकारी. जन्म सांगलीचा, कुटुंब मूळ सातारा जिल्ह्यातलं, घर मुंबईत. म्हणजे आपल्या शेजारचेच. पाकिस्तान म्हणतं, त्यांना ३ मार्च २०१६ रोजी बलुचिस्तानात पकडलं, त्यांच्याकडे दुसऱ्याच नावाचा पासपोर्ट होता आणि ते हेरगिरी नि घातपात करत होते. भारत म्हणतो, ते इराणात व्यवसाय करत होते आणि तिथून त्यांना पळवून आणलं. यातलं खरं काय, हे मला माहीत असण्याचं कारण नाही, तुम्हालाही नाही. अटकेची बातमी भारताला अधिकृतपणे मिळाली २५ मार्चला, म्हणजे २२ दिवसांनी. त्याच दिवशी भारताने मागणी केली की आमच्या अधिकाऱ्याला त्यांना भेटू द्या. पुढच्या वर्षभरात ही मागणी रीतसर तेरा वेळा केली, असं तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत सांगितलं. तेरा वेळा! एकदाही भेट नाही. आणि १० एप्रिल २०१७ ला पाकिस्तानी लष्कराने जाहीर केलं की लष्करी न्यायालयात खटला चालला, फाशीची शिक्षा झाली.

लष्करी कोर्ट म्हटल्यावर सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. मे १९३० मध्ये याच शहरात मार्शल लॉ लागला होता. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज सिटी बसने जातो, त्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. परक्या सत्तेच्या हातात सापडलेल्या माणसाची बाजू कोण मांडणार, हा प्रश्न या गावात काही पुस्तकातला नाही.

आता तो 'कॉन्सुलर ॲक्सेस' म्हणजे नेमकं काय, ते बघू. बातम्यांत हा शब्द शंभर वेळा येतो आणि कुणीच त्याचा अर्थ सांगत नाही. १९६३ साली व्हिएन्ना इथे देशोदेशींच्या वकिलातींच्या कामाबद्दल एक करार झाला. पाकिस्तान त्यात १९६९ साली सामील झालं, भारत १९७७ साली. त्यातलं ३६ वं कलम असं सांगतं की परदेशी माणसाला अटक केली तर त्याला 'तुझ्या वकिलातीला कळवायचा तुला हक्क आहे' हे विनाविलंब सांगितलं पाहिजे. त्याने कळवा म्हटलं तर विनाविलंब कळवलं पाहिजे. आणि वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्या माणसाला भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा, पत्रव्यवहार करण्याचा आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करण्याचा हक्क आहे. बस, एवढंच. हा अधिकारी कैद्याला सोडवू शकत नाही. कोर्टात उभा राहून युक्तिवाद करू शकत नाही. तो फक्त समोर बसतो. पण विचार करा, तो समोर बसल्याने काय काय होतं! माणूस जिवंत आहे, हे कळतं. मारहाण झाली का, ते दिसतं. 'मी कबुली दिली' असं जे म्हटलं जातंय, ते कुठल्या परिस्थितीत दिली, हे विचारता येतं. घरचा निरोप पोचतो. आणि पकडणाऱ्यांनाही कळतं, की या माणसाची कुठेतरी नोंद आहे, याला विचारणारं कुणीतरी आहे.

आमच्या ग्रुपमध्ये एकाने विचारलं होतं, की हेरालासुद्धा हा हक्क का द्यायचा? मला हा प्रश्न प्रामाणिक वाटला, म्हणून त्याला नीट उत्तर देते. परीक्षेत कॉपी केस झाली तर काय होतं, ते आपल्याला चांगलंच माहीत आहे (मला नव्हे, आपल्याला!). चिठ्ठी खिशातून निघाली, स्क्वॉडने पकडली, सही घेतली. तरीही त्या मुलाला चौकशी समितीपुढे बोलावून म्हणणं मांडायला देतात. तो निर्दोष आहे असं समितीला वाटतं म्हणून नव्हे. त्याला न ऐकता दिलेली शिक्षा ही शिक्षाच नाही, म्हणून. 'हा दोषीच आहे, याला नियम कशाला' असं म्हणायची सोय ठेवली, तर ज्याला अडकवायचंय त्याच्यावर आधी तो शिक्का मारला की काम झालं. नियम ज्या क्षणी उपयोगी पडायचा, त्याच क्षणी तो गायब! पाकिस्तानने हेगला हाच मुद्दा मांडला होता, की हेरगिरीच्या प्रकरणाला ३६ वं कलम लागत नाही. न्यायालयाने तो मान्य केला नाही. कलमात असा अपवाद नाही, असं स्पष्ट सांगितलं.

आणखी एक मुद्दा होता, तो मला स्वतःला जास्त अवघड वाटला. भारत-पाकिस्तानमध्ये मे २००८ चा एक वेगळा करार आहे. त्यात असं वाक्य आहे की राजकीय किंवा सुरक्षेच्या कारणावरून अटक असेल तर प्रत्येक बाजू ते प्रकरण त्याच्या गुणदोषांवर तपासू शकेल. म्हणजे बघा, पळवाट आपणही सही करून ठेवली होती! पाकिस्तान म्हणालं, हा करार लागू, व्हिएन्ना नाही. पण न्यायालय म्हणालं, दोन देशांनी आपापसांत जास्तीचं काही ठरवावं, मूळ हक्क कमी करता येणार नाही. माझ्या मते या संपूर्ण खटल्यातला सर्वांत कामाचा निष्कर्ष हाच आहे, आणि चॅनेलवाल्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारत ८ मे २०१७ ला गेला. आपल्या नागपूरचे हरीश साळवे भारताच्या बाजूने उभे राहिले, फी एक रुपया. दहा दिवसांत, १८ मे रोजी, न्यायालयाने एकमताने सांगितलं की अंतिम निकाल लागेपर्यंत फाशी देऊ नका. अंतिम निकाल आला १७ जुलै २०१९ ला, पंधरा विरुद्ध एक. तो एक म्हणजे पाकिस्तानने नेमलेले न्यायाधीश. चीनच्या न्यायाधीश बाईंनीसुद्धा बहुमताच्या बाजूने मत दिलं. पाकिस्तानने ३६ वं कलम मोडलं, जाधवांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत, भारताला वेळेत कळवलं नाही, भेटू दिलं नाही, हे सगळं नोंदवलं गेलं. 'तुम्ही आमच्या तपासाला मदत करा, मग भेटीचा विचार करू' ही पाकिस्तानची अट होती, तीही चुकीची ठरली. हक्काची अशी अदलाबदल होत नाही.

पण त्या दिवशी आपल्याकडे जे पेढे वाटले गेले, त्यात एक गोष्ट बुडाली. भारताने जे मागितलं होतं ते सगळं मिळालं नाही. शिक्षा रद्द करा, जाधवांना सोडा, हे न्यायालयाने नाकारलं. दिलं ते एवढंच : भेटू द्या, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, आणि तोवर फाशीला स्थगिती. अर्धा ग्लास भरलेला की रिकामा, ते ज्याने त्याने ठरवावं. मी भरलेला म्हणेन, कारण ग्लासात जे होतं तो एका माणसाचा जीव होता.

हेग आणि मराठी माणूस यांची ही पहिली गाठ नव्हे. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेयच्या बंदरात मोरिया बोटीतून उडी मारली, हे आपण सगळे शाळेत शिकलो. त्याच्या पुढचं आपल्याला कुणी फारसं शिकवत नाही. फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवलेल्या माणसाला फ्रेंच शिपायाने धरून इंग्रजांच्या हवाली केलं, यावरून फ्रान्सने हरकत घेतली आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला : अटकेत अनियमितता झाली खरी, पण म्हणून सावरकरांना परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. मग अंदमान. सावरकरांची राजकीय मतं तुम्हाला पटोत न पटोत, तो वेगळा विषय आहे आणि हॉस्टेलमध्ये त्यावर रात्री दोन वाजेपर्यंत भांडायला मी तयार आहे. इथे मुद्दा दुसरा आहे. त्या दाव्यात भांडत होते दोन साम्राज्यं, एकमेकांच्या मानासाठी. ज्याच्यावरून भांडण, त्याच्या देशाला तिथे खुर्चीच नव्हती. जाधवांच्या वेळी खुर्ची होती. 'हा आमचा माणूस आहे, त्याला भेटायचंय' असं म्हणणारा देश असणं म्हणजे काय, हे मला या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर कळलं. नागरिकशास्त्राच्या वीस मार्कांत नव्हतं कळलं.

आता त्या भेटीबद्दल, जिच्याबद्दल लिहिताना मला अजूनही राग येतो. २५ डिसेंबर २०१७ ला, हेगचा निकाल यायच्या आधी, पाकिस्तानने जाधवांच्या आईला आणि पत्नीला इस्लामाबादला बोलावून भेट घडवली. मधे काच, बोलायला इंटरकॉम, साधारण चाळीस मिनिटं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी निवेदन काढलं. सुरक्षेच्या नावाखाली दोघींची मंगळसूत्रं, बांगड्या, टिकल्या काढायला लावल्या. कपडे बदलायला लावले. पत्नीचे बूट परत दिलेच नाहीत. स्वराज यांनी संसदेत सांगितलं, की आईच्या गळ्यात मंगळसूत्र नाही हे पाहून मुलाने सर्वांत आधी वडिलांची चौकशी केली, काही बरंवाईट तर झालं नाही ना म्हणून. पाकिस्तानने हे आक्षेप फेटाळले, माणुसकीच्या नात्याने भेट दिली असं म्हटलं.

त्या निवेदनात आणखी एक ओळ होती. आईला मराठीत बोलू दिलं नाही. बोलायला लागली की पुन्हा पुन्हा अडवलं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या शाळेत वर्गात मराठी शब्द तोंडातून गेला की दंड होता. डबा उघडून 'भाजी' म्हटलं तरी मॉनिटर नाव लिहायचा. त्यामुळे माझं मराठी कसं आहे ते या पानांच्या संपादकांना विचारा, त्यांनी या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारता सुधारता हात टेकलेत. मी सर्किट इंग्रजीत सोडवते, भांडते हिंदीत. पण ताप चढला की घरी फोन लावते तेव्हा ज्या भाषेत बोलते ती भाषा मला कुणी शिकवलेली नाही आणि कुठल्या दंडाने गेलेली नाही. बावीस महिन्यांनी मुलगा काचेपलीकडे दिसतोय, आणि आईने वाक्य मनात आधी दुसऱ्या भाषेत फिरवून मग बोलायचं! पहारेकऱ्यांना समजलं पाहिजे, हे मान्य. मग दुभाषी बसवा. जिथे एवढा कॅमेरा, एवढी काच, एवढे अधिकारी उभे करता येतात, तिथे एक मराठी समजणारा माणूस अवघड नव्हता. सोलापुरात तर एका बोळात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू अशा चार भाषांत बायका पाणी भरतात आणि कुणाचं काही अडत नाही. म्हणून मी म्हणते, भाषा अडवणं हे सुरक्षेचं कारण नव्हतं. 'मोकळेपणी बोलणं' हा शब्द व्हिएन्नाच्या कागदावर किती कोरडा वाटतो, आणि प्रत्यक्षात तो म्हणजे आईने 'कसा आहेस रे' म्हणणं.

हेगच्या निकालानंतर २ सप्टेंबर २०१९ ला भारतीय अधिकारी जाधवांना पहिल्यांदा भेटला. अटकेपासून साडेतीन वर्षांनी! आपल्या हिशेबात सांगायचं तर सात सेमिस्टर. फर्स्ट इयरला अटक झाली असती तर भेट फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या वेळी. पुढची भेट १६ जुलै २०२० ला झाली, पण तिथे बोलणं रेकॉर्ड होत होतं, विनाअडथळा भेट नव्हती, म्हणून निषेध नोंदवून आपले अधिकारी उठून आले. त्यानंतर गाडी वकिलापाशी अडली. पाकिस्तानने फेरविचारासाठी आधी वटहुकूम काढला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदाही केला. भारत म्हणाला, वकील भारतीय द्या, नाहीतर इंग्लंडमधला क्वीन्स कौन्सेल द्या. ते म्हणाले, आमच्याच देशाची सनद असलेला वकील हवा. हे लिहीपर्यंत जाधवांची सुटका झालेली नाही.

मग या सगळ्याचा फायदा काय? असं विचारणारे भेटतात, आणि ते चिडून विचारतात हेही मला समजतं. जगाच्या कोर्टाकडे पोलीस नाहीत. १९९९ सालचं अमेरिकेतलं उदाहरण घ्या, तिथे एका जर्मन नागरिकाला आधीच मृत्युदंडाची शिक्षा झालेली होती. त्यालाही वकिलातीबद्दलचा हक्क वेळेत सांगितलेला नव्हता. हेगने 'थांबा' म्हटलं आणि त्याच दिवशी, ३ मार्चला, त्याला देहदंड दिला गेला. म्हणजे लोकशाही, मित्रदेश, सगळं असूनसुद्धा. त्यामानाने २०१७ साली शिक्षा सुनावलेल्या माणसाची फाशी थांबली, ती थांबवायला कागदाचा एक तुकडा पुरला, हे मी लहान मानायला तयार नाही. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना हे पटायला हरकत नसावी. फ्यूज काही मोटर चालवत नाही, पण तो नसेल तर काय होतं ते आपण लॅबमध्ये वासावरून ओळखतो.

मात्र आरडाओरड्याने माणूस सुटतो यावर माझा विश्वास उरलेला नाही. कतारचं उदाहरण घ्या. भारतीय नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये अटक झाली. २६ ऑक्टोबर २०२३ ला आठही जणांना मृत्युदंड! आपण हादरलो. पण सरकारने या वेळी जगाच्या कोर्टाचं नाव काढलं नाही. तिथल्याच वरच्या कोर्टात अपील केलं. पंतप्रधान डिसेंबरच्या सुरुवातीला दुबईत कतारच्या अमीरांना भेटले, आणि काय बोलणं झालं याचा फारसा गाजावाजा झाला नाही. २८ डिसेंबरला मृत्युदंड रद्द होऊन तुरुंगवास झाला, आणि १२ फेब्रुवारी २०२४ ला आठही सुटल्याची बातमी आली. सात जण त्याच दिवशी भारतात पोचले. तिथे आपले चांगले संबंध होते, गॅसचा व्यवहार होता, लाखो भारतीय तिथे कामाला होते. पाकिस्तानशी यातलं काय होतं? म्हणून एका ठिकाणी दार हळूच ठोठावायचं आणि दुसऱ्या ठिकाणी हेगची पायरी चढायची, हा निर्णय मला बरोबर वाटतो. ज्यांना प्रत्येक वेळी एकच डायलॉग हवा असतो, त्यांनी पिक्चर बघावा.

आणि ज्यांच्यासाठी चॅनेलवर चर्चाच होत नाही, त्यांचं काय? आपल्याच राज्यातल्या पालघर जिल्ह्यातली माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेषा आखलेली नसते. बोट पलीकडे गेली, किंवा गेली असं ठरवलं गेलं, की थेट कराचीचा तुरुंग. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, त्यात मच्छीमारांची वेगळी यादी असते. ही त्याच २००८ च्या करारातली चांगली बाजू. पण शिक्षा भोगून झाली तरी माणूस लगेच सुटत नाही, कारण तो भारतीयच आहे हे आधी सिद्ध व्हावं लागतं. त्यासाठी अधिकाऱ्याने भेटायला हवं, गाव विचारायला हवं, तिकडे तहसीलमध्ये कागद शोधायला हवा. इथे कुणी हेर आहे की नाही हा प्रश्नच नाही, तरी भेटीवाचून सगळं अडतं. मुंबईच्या एका तरुणाचं तर नावसुद्धा तीन वर्षं कुठल्या यादीत दिसत नव्हतं. तो २०१२ साली अफगाणिस्तानातून बेकायदा पाकिस्तानात शिरला होता, हे खरं. पण तो जिवंत आहे आणि लष्कराच्या ताब्यात आहे, हे आईला कळलं २०१६ साली, तेही पेशावरच्या कोर्टात अर्ज केल्यावर. डिसेंबर २०१८ मध्ये शिक्षा संपवून तो वाघा सीमेवरून परत आला. चूक केली होती, शिक्षा भोगली. पण तीन वर्षं आईला पत्ता न लागणं, ही शिक्षा कुठल्या कलमात बसते?

आता जरा टोचणारी गोष्ट. हा नियम आपल्यालाही लागू आहे. १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या किनाऱ्याजवळ इटालियन जहाजावरच्या दोन नौसैनिकांच्या गोळीबारात आपले दोन मच्छीमार मेले, तेव्हा इटलीने आकाशपाताळ एक केलं आणि आपल्याला त्याचा संताप आला. 'खुन्यांचे एवढे लाड?' असं सगळे म्हणत होते. पण त्यांच्या वकिलातीचे लोक त्यांना भेटत होते, वकील देत होते, आणि आपण ते होऊ दिलं. दिलंच पाहिजे होतं. मुंबई-पुण्याच्या तुरुंगांतही परदेशी कैदी आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना आपण किती सहज 'हे लोक असलेच' म्हणतो! त्यांच्या वकिलातीला कळवलं का, हे विचारणारा एखादा ठाण्याचा अंमलदार कंटाळवाणं काम करत असतो. तेच काम नीट झालेलं असलं, तर हेगला उभं राहून दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं.

शेवटी, फायनल इयरच्या मंडळींसाठी. तुमच्यातले निम्मे जण एमएससाठी नाहीतर गल्फमध्ये नोकरीसाठी जाणार. बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी भरताना आई सतराशे सूचना देते, त्यात माझी एक जोडा. कुणाचं बेकायदा काम नाही, एवढ्याने भागत नाही. भाड्याच्या गाडीचा अपघात, एजंटने दिलेला चुकीचा व्हिसा, कस्टममध्ये अडकलेलं एखादं औषध, एवढ्यावर ठाणं बघावं लागू शकतं. जिथे जाल तिथल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण पहिल्यांदा काढून घेतात तो मोबाईल. परराष्ट्र खात्याने २०१५ पासून 'मदद' नावाचं पोर्टल चालू केलंय, त्यावर घरचेही तक्रार नोंदवू शकतात, तेव्हा पासपोर्टची एक झेरॉक्स घरी ठेवून जा. आणि ३६ व्या कलमातली बारीक अक्षरं लक्षात ठेवा : वकिलातीला कळवायचं की नाही, हे तुमच्या मागणीवर आहे. तुम्ही गप्प बसलात तर तेही गप्प बसू शकतात. शरम वाटेल, घरी कळेल, व्हिसा जाईल, कंपनी काय म्हणेल, असं डोक्यात येईल. येऊ द्या. समजत नसलेल्या भाषेतल्या कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी 'मला माझ्या वकिलातीला कळवायचंय' हे वाक्य मोठ्याने बोला, आणि ते किती वाजता बोललात तेही लक्षात ठेवा.